हिमालयन ४११ वर बाबांना घेऊन नर्मदा परिक्रमा, गाडीवर आधी खर्च कशावर करू?

पुणेरी_४११

नमस्कार मंडळी,

गाडी हिमालयन ४११, २०१९ चं बीएस४ मॉडेल, ३४ हजार किमी झालेत, पहिला मालक मीच. आतापर्यंत ताम्हिणी, वरंधा, दोनदा गोवा आणि एकदा हंपी, सगळं एकट्यानेच. आता डिसेंबरच्या शेवटी बाबांना मागे बसवून नर्मदा परिक्रमा करायची आहे. बाबा ६४ चे, वजन ७८ किलो, उजवा गुडघा जरा कुरकुरतो. मी कारने नेतो म्हटलं तर म्हणाले चार चाकांतूनच जायचं असतं तर मागच्या वर्षी शेजारच्या काकांबरोबर बसनेच गेलो असतो, तुझ्या गाडीवर ने नाहीतर राहू दे. आता यावर काय बोलणार.

पुण्याहून ओंकारेश्वर साडेपाचशेच्या आसपास, मग परिक्रमा साधारण तीन हजार आणि परत घरी, म्हणजे चार हजारांच्या वर रनिंग धरलंय. वीस दिवस काढलेत. बजेट ३०-३५ हजार. डोक्यात जे आहे ते असं की दोन फॉग लाईट, मागे तीन ॲल्युमिनियमच्या पेट्या, उंच विंडशील्ड, आणि जमलं तर सायलेन्सर कारण मित्र म्हणतोय त्याने गाडी हलकी होते.

सर्व्हिस वेळेवर केलीय, ऑइल, एअर फिल्टर वगैरे. चेन ओरिजिनलच आहे. मागचा टायर एकदा बदललाय, पुढचा कंपनीचाच. स्पीडब्रेकरवरून जाताना पुढून जरा टक्क आवाज येतो पण तो गेलं वर्षभर आहे, त्रास काही नाही. तर कुठली लाईट आणि कुठल्या पेट्या घ्याव्यात ते सांगा प्लीज.

स्पॅनर_१४

भावा, इचलकरंजीत गॅरेज आहे माझं, २२ वर्षं झाली. तुझी पोस्ट वाचून पेट्यांच्या आधी त्या "टक्क" वरच नजर गेली बघ. तू शेवटी जाता जाता लिहिलंयस ते, आणि खरं काम तिथंच आहे.

आज संध्याकाळी एक कर. गाडी मेन स्टँडवर घे, कुणाला तरी मागच्या कॅरियरवर वजन टाकायला सांग म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. आता हँडल दोन बोटांनी, अगदी हळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. बरोबर मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग, गेला. मग समोर खाली बसून दोन्ही शॉकअप खालून धरून पुढं-मागं हलव, खटखट लागली तर तोच किंवा ढिला तरी आहे. हे झिजणारंच असतं, ३४ हजारला गेलं तर नवल नाही. एकट्याला जाणवत नाही कारण पुढं वजन असतं. मागं ७८ किलो आणि वर पेट्या आल्या की पुढचं हलकं होतं आणि ८० च्या स्पीडला हँडल डुलायला लागतं, मग माणूस म्हणतो टायर खराब, रस्ता खराब, वारा होता. माझ्याकडं एक पोरगं आलतं, गाडीवर पेट्या, लाईट, स्टिकर सगळं एक नंबर आणि हँडल सोडलं की जागेवर सरळ उभं राहतंय, त्याला वाटायचं हे चांगलं लक्षण आहे! खाचेत बसलंय म्हणून उभं राहतंय ते.

दुसरं म्हणजे चेन. ३४ हजारला ओरिजिनल चेन घेऊन चार हजार किमी डबलसीट जायचा विचारसुद्धा करू नको. मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे दातेरी चाकाच्या, मागच्या टोकाला चेन बोटांनी धरून ओढ, दाताचा निम्मा भाग उघडा दिसला तर संपली. दात एका बाजूला माशाच्या पंखासारखे वाकलेले दिसले तरी तेच. बदलताना पुढचं-मागचं स्प्रॉकेट आणि चेन पूर्ण सेट, नुसती चेन टाकून पैसे वाचवायला गेलास तर जुने दात नवीन चेन खातात.

आणि चेन ताणताना सगळे जण चुकतात ते ऐक. गाडी रिकामी असताना मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढी ढील ठेव, मग बाबांना मागं बसव, तू बस, आणि तिसऱ्याला बघायला सांग. वजनानं चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, वर जातो तशी चेन ताणली जाते. दोघं बसल्यावरसुद्धा थोडी ढील उरली पाहिजे. उगं टाईट ठेवली तर खड्ड्यात सगळा झटका गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर जातो. दर पाचशे किमीला रात्री मुक्कामाला गाडी गरम असतानाच आतल्या बाजूनं ९० नंबरचं गिअर ऑइल ब्रशनं लावायचं, फडक्यानं पुसायचं. साफ करायला रॉकेल नाहीतर चेन क्लीनर, पेट्रोल नको, चेनमधल्या रबरी ओ-रिंग वाळतात.

ब्रेक ऑइल कधी बदललंय? लिहिलं नाहीस म्हणजे बदललं नसणार. दोन वर्षांनी बदलायचं असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ टाक, पॅड बघ. पुढचा टायर २०१९ चाच असेल तर नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, रबर कडक झालंय, बदल.

घाटातला_कावळा

वरच्या दादांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त लाईटचं बोलतो कारण माझे हात त्यात भाजलेत, शब्दशः.

मी एका दुकानातून दोन लाईट बसवल्या होत्या, दुकानाचं नाव घेत नाही. बसवणाऱ्याने हेडलाईटच्या वायरला टाचणी मारून कनेक्शन घेतलं, रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) नाही, फ्यूज नाही, वर काळी चिकटपट्टी. महिनाभर मस्त. मग सेंधव्याच्या पुढे संध्याकाळी सातला वास आला, टाकीखालून धूर, आणि हेडलाईटसकट सगळं बंद. वायर पकडायला गेलो तर इन्सुलेशन बोटाला चिकटलं. रस्त्यावर ट्रक सोडून काही नाही. एका ढाबेवाल्याच्या बल्बखाली बसून वायर कापून हेडलाईट डायरेक्ट केली आणि तीस-पस्तीसच्या स्पीडने गाव गाठलं.

हिशोब साधा आहे, २० वॅटच्या दोन म्हणजे ४० वॅट, १२ व्होल्टला साडेतीन ॲम्पिअरच्या आसपास. एवढं गाडी आरामात देते. पण करंट बॅटरीवरून थेट, मधे फ्यूज, मग रिले, आणि हेडलाईटची वायर फक्त रिलेला इशारा द्यायला, अशी वेगळी वायरिंग पाहिजे. पाकिटावर तीनशे वॅट लिहिलेल्या लाईटच्या तर नादालाच लागू नका.

खरं विचाराल तर आधी मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवा. हूक पाना लागतो, जागा अडचणीची आहे, हाताची सालटी निघतात पण होतं. बाबा बसले की गाडीचं बूड खाली जातं आणि हेडलाईट झाडावरचे पक्षी बघत बसते, समोरचा ट्रकवाला डिपर मारतो ते वेगळंच. प्रीलोड वाढवून, दोघं बसून, भिंतीवर लाईटचा पट्टा बघून स्क्रू सेट करा. निम्म्या लोकांना मग फॉग लाईटची गरजच वाटत नाही. डिसेंबर-जानेवारीत तिकडे पहाटे धुकं असतं त्यात पिवळा लाईट थोडा उपयोगी हे मान्य, पण धुक्यात बाबांना घेऊन निघायची घाई कशाला, नऊला निघा की.

रेवाकाठ_नाशिक

नमस्कार. मी मागच्या सीटवरून बोलतेय, तिकडचं कुणी विचारतच नाही :) दोन वर्षांपूर्वी मिस्टरांबरोबर हीच परिक्रमा बाईकवर केली, २२ दिवस लागले.

तुमच्या बाबांचा गुडघा म्हणजे मुख्य प्रश्न. पन्नास-साठ किमीला थांबायचंच, दुखायला लागल्यावर नाही, आधी. आम्ही सीटवर हवेची गादी टाकली होती, ती पूर्ण फुगवायची नाही हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, फुगवली की वळणावर माणूस बाजूला घसरतो. निम्मी हवा, इतकी की बसल्यावर खालची सीट जेमतेम टेकली पाहिजे. तीन पेट्यांऐवजी मागे एकच टॉप बॉक्स घ्या ज्याला पाठ टेकायला गादी असते, बाबांना पाठीला आधार मिळेल, आणि त्यात फक्त हलकं सामान, स्वेटर, रेनकोट, पूजेचं. जड सगळं दोन्ही बाजूंच्या कापडी बॅगांत, खाली आणि जितकं पुढे येईल तितकं. उजवीकडे सायलेन्सर आहे तिथे बॅग टेकणार नाही असा रॅक लावा, आमच्या बॅगेला पहिल्याच दिवशी भोक पडलं आणि आतल्या सतरंजीलाही. बॅगा भरून वजनकाट्यावर ठेवा एकदा, आमच्या पहिल्या खेपेला ३८ किलो निघालं होतं, निम्मं घरीच ठेवलं.

पंक्चरचं सांगते. तुमच्या गाडीला ट्यूब आहेत आणि पुढचं चाक २१ इंची. शहाद्याच्या अलीकडे आमचं पुढचं चाक बसलं, पंक्चरवाला भला माणूस पण जुनी ट्यूब व्हॉल्वपाशी फाटलेली, आणि २१ ची ट्यूब त्याच्याकडे कुठली असणार. आम्ही बरोबर नेली होती म्हणून निभावलं. दोन्ही न्या, एकच मावत असेल तर २१ ची न्या, अडीअडचणीला ती मागच्या चाकात कोंबून पुढच्या गावापर्यंत जाता येतं, उलटं जमत नाही. टायर काढायचे लिव्हर, साबणाचं पाणी, छोटा कॉम्प्रेसर. आणि घरी पार्किंगमध्ये एकदा चाक काढून ट्यूब बदलून बघा हो, रस्त्यात पहिल्यांदा करू नका.

आणखी एक, गाडीचं नाही पण तुम्हाला लागेलच. गूगल मॅप तुम्हाला जवळचा रस्ता म्हणून खुशाल पुलावरून नर्मदा ओलांडायला लावतो, परिक्रमेत मधे नदी ओलांडायची नसते हे त्याला काय माहीत. रोज रात्री दुसऱ्या दिवशीची गावं कागदावर लिहून घ्यायचो, बडवानी, खेतिया, शहादा, प्रकाशा, अक्कलकुवा, राजपीपळा अशी, आणि गावागावाने मॅप लावायचो. ओंकारेश्वरलाही सुरुवातीला बेटावरच्या देवळात जायचं नाही, ते परिक्रमा पूर्ण झाल्यावर.

समुद्राशी कठपोरहून मिठी तलाईला नाव असते, भरतीच्या वेळेवर सुटते. आमच्याबरोबर एक मुलगा होता त्याने आईला नावेत बसवलं आणि स्वतः गाडी घेऊन भरूचच्या पुलावरून फिरून पलीकडे आला, म्हणाला परिक्रमा आईची, मी ड्रायव्हर. तुमचं तुम्ही आणि बाबा ठरवा.

क्लचप्लेट

सायलेन्सर बदलू नका. गाडी दोन-तीन किलो हलकी होईल आणि बाबांचे कान २० दिवस त्याच्या शेजारी असतील. चलन वेगळं.

पुणेरी_४११

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं.

रविवारी गाडी मेन स्टँडवर घेतली, बाबांनाच कॅरियर दाबायला सांगितलं. हँडल फिरवलं, मधोमध आलं आणि स्पष्ट अडकलं. दोन बोटांनी जाणवतं, एरवी दोन्ही हातांनी कधी कळलंच नसतं. वर्षभर मी या गाडीवर घाट उतरतोय. चेनचंही तेच, ओढली तर दात निम्म्याहून जास्त दिसला. ब्रेक ऑइल चहासारखं झालंय. प्रीलोड वाढवून दोघं बसून भिंतीवर लाईट बघितली, आधी पट्टा पहिल्या मजल्याच्या गॅलरीवर जात होता, खालच्या काकूंनी खिडकीतून विचारलं काय चाललंय.

सो पेट्या आणि सायलेन्सर रद्द. चेन सेट, कोनसेट, पुढचा टायर, दोन ट्यूब, ब्रेक ऑइल, टॉप बॉक्स, कापडी बॅगा आणि रॅक असं धरतोय. उरले तर रिलेसकट लाईट. @स्पॅनर_१४ दादा, दोन प्रश्न. कोनसेट साधा गोळ्यांचा टाकू का टेपर रोलरवाला? आणि रॅकचे बोल्ट रस्त्यात ढिले होतात असं ऐकलंय, त्याला काय करू?

स्पॅनर_१४

टेपर टाक, डबलसीटला टिकतो. पण बसवणाऱ्याकडं नीट हात पाहिजे, जास्त आवळला तर हँडल जड होतं आणि वळणावर गाडी ऐकत नाही. बसवल्यावर पाचशे किमी फिरव आणि परत एकदा दाखव, नवीन असताना थोडा बसतो, मग परत आवळावा लागतो. म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात बसवू नको, महिनाभर आधी बसव.

रॅकच्या बोल्टना थ्रेडलॉक, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लाव, निळं घे, लाल घेतलंस तर काढताना रडशील. आणि आवळून झाल्यावर नटावरून खालच्या पत्र्यावर पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ मार. सकाळी चहा पिता पिता नुसती नजर टाकायची, रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरलाय. स्पोकचं पण बघ, पाना घेऊन एकेक वाजव, सगळे टिंग वाजले पाहिजेत, जो डब्ब वाजेल तो ढिला. क्लचची जादा केबल जुनीच्या शेजारून आत्ताच ओढून ठेव, टोकाला टेप गुंडाळून. तुटली तर दहा मिनिटांचं काम, नाहीतर टाकी काढत बसशील रस्त्यात.