बर्फावरचा फ्लॅशर आपल्या पाण्यात चालेल का? लवकर सांगा, भाऊ शनिवारी निघतोय

झाडीपट्टीकर (धागाकर्ता)
मामेभाऊ मिनेसोटात असतो, शनिवारी तिकडून निघतोय. त्याच्याकडे व्हेक्सिलार कंपनीचा एफएल-८ फ्लॅशर आहे (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालची खोली आणि मासे गोल तबकडीवर दाखवणारं यंत्र), हिवाळ्यात बर्फावर मासे धरायला वापरतो. म्हणतो हा तू घे, मी नवीन घेणारच आहे. नाहीतर दुसरं काही पाहिजे असेल तर सांग, येताना आणतो. आमच्या मच्छीमार संस्थेकडे पाणी आहे, जाळी टाकतो. यूट्यूबवर बघावं तर सगळे बर्फावर तंबू ठोकून बसलेले, आपल्या कामाचं काही सापडत नाही. फ्लॅशर आणू की स्क्रीनवालं? कोणतं मॉडेल? वेळ कमी आहे, मुद्द्याचं सांगा.

वैनगंगेचा_पोर
भाऊ, पाणी किती खोल? डोंग्यावर जाता की ट्यूबवर? यंत्र पाहिजे कशाला, मासा शोधायला की खोली मोजायला? एवढं तरी लिहा, नाहीतर सांगणार काय?

गळवाला_चांदा
फ्लॅशर नको, स्क्रीन पण नको. डीपर घ्या. मुठीत मावेल एवढा गोळा येतो, गळाच्या दोरीला बांधून फेकायचा, मोबाईलवर वायफायनं चित्र येतं. काठावरूनच सगळा तळ दिसतो. मी इरई धरणाच्या पाण्यावर वापरतो. डोंगा लागत नाही, बॅटरी आतच असते. याच्यापुढे बाकी सगळं जुनं झालं.

वैनगंगेचा_पोर
चांदावाले भाऊ, ते जाळी टाकतात म्हणाले. गळ नाही.

गळवाला_चांदा
मग काय झालं? डोंग्याच्या मागे बांधून ओढता येतो.

गुरुजी_पवनी
आधी हे यंत्र काम कसं करतं ते समजून घ्या, मग निवड सोपी जाईल. ट्रान्सड्यूसर, म्हणजे यंत्राला तारेनं जोडलेला आवाज सोडणारा-ऐकणारा भाग, पाण्यात ठेवला की तो आवाजाचे ठोके खाली सोडतो, बहुतेक यंत्रांत २०० किलोहर्ट्झचे. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो. तळावर आपटून परत यायला जितका वेळ लागतो, त्यावरून खोली निघते. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावरून ठोका जोरात परततो, म्हणून मासा दिसतो. गढूळ पाण्याने काही बिघडत नाही, हा प्रकाशाचा खेळ नाही.

फ्लॅशरची तबकडी घड्याळासारखी गोल असते. वर शून्य, तिथून फिरत खोली वाढत जाते. तळ म्हणजे जाड लाल पट्टा. त्याच्या आधी रेघ उमटली तर मधल्या पाण्यात काहीतरी आहे. एफएल-८ वर लाल म्हणजे जोरदार परतावा, केशरी मध्यम, हिरवा हलका. तळ कडक मुरमाचा असेल तर दुप्पट खोलीवर दुसरा पट्टाही दिसतो. मऊ गाळ असेल तर तो दिसत नाही.

आता महत्त्वाचं. ठोका शंकूच्या आकारात पसरतो. २० अंशांचा शंकू १० फुटांवर जेमतेम साडेतीन फूट रुंदीचा गोल दाखवतो. आपल्या मामा तलावात (जुन्या मालगुजारी काळातल्या गावतलावात) दिवाळीनंतर किती पाणी राहतं? त्या साडेतीन फुटांत मासा येईपर्यंत डोंगा पुढे गेलेला असतो.

डोंगा_आणि_जाळं
गुरुजी बरोबर बोलले. आणखी एक ऐका. कतला वरच्या पाण्यात चरतो, तिथं शंकू हातभरही रुंद नसतो आणि यंत्राच्या स्वतःच्या ठोक्यानं वरचा थर भरलेला दिसतो. मिरगल तळाला लागून असतो, तो तळाच्या पट्ट्यात मिसळून जातो. मरळ झाडोऱ्यात पडून राहते, यंत्राला पान कोणतं अन् मरळ कोणती कळत नाही. राहता राहिला रोहू. एका रोहूसाठी अमेरिकेहून यंत्र आणायचं? मामा तलावात बांबू घालून खोली बघा, पाण्याचा रंग बघा, पहाटे बुडबुडे कुठं फुटतात ते बघा. पैसे मत्स्यबीज टाकायला वापरा.

शेततळे_अकोला
बीज टाकायचंच तर बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) टाका, जिरे (अगदी बारीक पिल्लं) नको. जिरे टाकले की मोठे मासे खाऊन टाकतात. माझं शेततळं प्लॅस्टिक अंथरलेलं आहे, त्यात कटला-रोहू-मृगळ कोणत्या प्रमाणात टाकू? कोणी सांगेल का?

तळ्याची_लेक
मला मूळ प्रश्नाचीच काळजी वाटते. मासा कुठं आहे हे यंत्रानं कळलं तर जो थोडा उरलाय तोही काढला जाईल. आमच्या भागात बायकांनी तलावातली बेशरम उपटली, पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेरात देशी वनस्पती लावल्या, तेव्हा शिंगूर-मांगूर हे देशी मासे परत दिसायला लागले. मासा शोधण्यापेक्षा माशाला जागा द्या. ज्या तलावात वनस्पती आहेत तिथं मासा सापडत नाही म्हणून कोणी ओरडत नाही.

झाडीपट्टीकर (धागाकर्ता)
राजेहो, मामा तलाव म्हटलं कोणी? मी म्हटलं संस्थेचं पाणी. इटियाडोह धरणाचं बॅकवॉटर आहे. मधल्या भागात दोर चाळीस फुटांच्या वर जातो. फायबरचा डोंगा आहे. आणि मासा शोधायचाच नाही, मासा कुठं असतो ते आमच्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. खाली बुडालेली झाडं आहेत, खुंट आहेत, त्यात जाळं अडकतं. ओढलं की मधूनच फाटतं, सोडलं तर पाण्यात तसंच राहतं आणि मासे मरतात. संध्याकाळी जाळं टाकायचं आणि पहाटे अर्धंच हातात यायचं, हे थांबवायचं आहे.

वैनगंगेचा_पोर
हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं भाऊ! आता उत्तर पूर्ण बदललं.

नागपूरकर_मिनियापोलिस
मी इथं राहतो, मामेभावाचा फ्लॅशर कसा वापरतात ते रोज बघतो. बर्फाला आठ-दहा इंचांचं भोक पाडतात, ट्रान्सड्यूसर त्याच भोकातून खाली, गळही त्याच भोकातून. माणूस जागचा हलत नाही. गळ वर उचलला की त्याची हिरवी रेघ वर सरकते, मागून माशाची रेघ येते का ते त्याच क्षणी दिसतं. त्यासाठी फ्लॅशरसारखं दुसरं काही नाही, कारण तो आत्ताचं दाखवतो, जरासुद्धा उशीर नाही. पण तो फक्त आत्ताचंच दाखवतो. डोंगा पुढे गेला की मागचं पुसलं. खुंट दिसला तरी तो नकाशावर कुठं होता हे त्याला माहीत नाही, कारण एफएल-८ मध्ये जीपीएस नाही. तुमच्या कामासाठी तो नको.

तुम्हाला जीपीएस आणि नकाशा बनवणारं यंत्र हवं. गार्मिनचा स्ट्रायकर व्हिविड ४सीव्ही बघा. त्यात क्विकड्रॉ आहे, डोंगा फिरवत गेलात की खोलीच्या रेषा आपोआप काढत जातो. क्लिअरव्ह्यूमध्ये, म्हणजे त्यातल्या खालचं बारीक चित्र दाखवणाऱ्या सोयीत, बुडालेलं झाड फांद्यांसकट ओळखू येतं. खुंटावर आलात की बटण दाबून खूण टाकायची. साध्या स्ट्रायकर ४ मध्ये जीपीएस आहे, खुणा टाकता येतात, फ्लॅशरचा पडदाही आहे, पण क्विकड्रॉ नाही.

गळवाला_चांदा
डीपरच्या काही मॉडेलमध्ये पण जीपीएस आहे आणि नकाशा बनतो. डोंग्यावरून सुद्धा. परत सांगतो, विचार करा.

डोंगा_आणि_जाळं
चांदावाले भाऊ, दुपारच्या उन्हात डोंग्यावर उभं राहून ओल्या हातानं मोबाईल बघितला का कधी? एका हातात वल्हं, दुसऱ्या हातात जाळ्याचा दोर. तिसरा हात कुठून आणायचा? आणि खुंटातून दोरी ओढत नेली तर गोळाच अडकणार. ज्या खुंटापासून जाळं वाचवायचं त्याच खुंटात हजारोंचा गोळा घालायचा?

गळवाला_चांदा
हे मात्र मान्य. काठावरून गळ टाकणाऱ्यांसाठी माझं म्हणणं कायम आहे.

डोंगा_आणि_जाळं
इटियाडोह असेल तर मीही वेगळं सांगतो. यंत्र आणा, पण फुकटचं काम आधी करा. मे महिन्यात पाणी सगळ्यात खाली जातं तेव्हा बरेच खुंट उघडे पडतात किंवा हातभर पाण्याखाली येतात. तेव्हा डोंगा घेऊन एकेका खुंटाजवळ जा आणि साध्या मोबाईलच्या नकाशावर खूण करा. उघडा दिसणारा खुंट यंत्रानं शोधत बसायची गरज नाही. यंत्र वापरा मधल्या खोल भागासाठी, जिथलं पाणी कधीच उतरत नाही. तिथं आमच्याही बांबूचं काही चालत नाही.

तळ्याची_लेक
जाळं पाण्यात राहून मासे मरतात हे तुम्ही लिहिलंत, ते मला पटलं. यंत्र त्यासाठी असेल तर माझा विरोध नाही. एक विनंती आहे, खुंटांच्या जागा कळल्या की त्या काढून टाकू नका. मासे तिथंच आसरा घेतात. फक्त जाळं तिथून दूर टाका.

गुरुजी_पवनी
ताईंशी सहमत. बुडालेलं झाड म्हणजे लहान माशांचं घर, शेवाळ धरतं, किडे धरतं.

एक तांत्रिक बाब राहिली. ट्रान्सड्यूसर डोंग्याच्या आतल्या बाजूने चिकटवून तळातून ठोका पाठवता येतो असं लोक सांगतात. ते फक्त भरीव फायबरमधून होतं, आत फोम असलेला थर असेल तर नाही, लाकडातून नाही, पत्र्यातून नाही. आणि क्लिअरव्ह्यूसाठी तर तसं करूच नका. ट्रान्सड्यूसर पाण्यातच हवा, सरळ खाली बघणारा, बुडबुड्यांपासून लांब. पीव्हीसी पाईपच्या टोकाला बसवून डोंग्याच्या कडेला बांधा, काठाला आलात की पाईप वर उचलता येतो.

वैनगंगेचा_पोर
बॅटरीचं कोणी बोललं नाही. यंत्राला १२ व्होल्ट लागतात आणि फार खात नाही. मामेभावाला बॅटरी आणायला लावू नका, विमानात उगाच कटकट. आपल्या बॅटरीच्या फवारणी पंपात जी काळी बंद बॅटरी असते, १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची, तीच चालते. पंपाच्या बॅटरीवर १२ व्होल्ट लिहिलंय का ते मात्र डोळ्यानं बघा, काही लिथियमवाल्यांचा व्होल्टेज वेगळा असतो. लाल तारेवर फ्यूज टाका. बॅटरी झाकणाच्या डब्यात ठेवा, पहाटेच्या दवानंसुद्धा टोकं गंजतात.

शेततळे_अकोला
माझ्या प्रमाणाचं राहिलं का?

डोंगा_आणि_जाळं
अकोलावाले भाऊ, तुमचा वेगळा धागा काढा, पाण्याची खोली आणि आकार लिहा, तिथं सांगतो. उन्हाळ्यात किती फूट पाणी टिकतं ते आधी बघा, प्रमाण त्यावरच ठरतं.

झाडीपट्टीकर (धागाकर्ता)
भावाला कळवलं. व्हिविड ४सीव्ही आणतोय. त्याचा एफएल-८ त्याच्याच गावातल्या एका मुलाला देणार आहे, बर्फावर तो कामाला येईल. क्विकड्रॉसाठी आधी आमचा टाकणीचा पट्टा घेतो, त्या पट्ट्यात दर वर्षी जाळी जातात. पाणी उतरलं की मे महिन्यात डोंगा-जाळंवाल्या काकांनी सांगितल्याप्रमाणे उघड्या खुंटांच्या खुणा करतो, दोन्ही नकाशे एकत्र करून संस्थेच्या खोलीत लावू, म्हणजे नव्या पोरांनाही कळेल कुठं टाकायचं नाही. खुंट काढणार नाही, ताई.

आता एवढंच सांगा. पाईप डोंग्याच्या कडेला बसवायला क्लॅम्प कोणता? स्क्रू मारायचा नाही, डोंगा संस्थेचा आहे.

वैनगंगेचा_पोर
सुताराकडे मोठा जी-क्लॅम्प मिळतो, लाकूड चिकटवताना लावतात तो. दोन घ्या. डोंग्याची कड आणि क्लॅम्प यांच्या मध्ये जुन्या ट्यूबचा रबर घाला, फायबरला चीर जाणार नाही. क्लॅम्पला पाईप यू-बोल्टने धरा, नट सैल केला की पाईप वर-खाली सरकतो. ट्रान्सड्यूसर डोंग्याच्या तळाच्या थोडा खाली येऊ द्या, फार खाली नको. खुंटाला आधी तोच लागेल.