गोलच्या मागं पक घेऊन तो उभा कायले रायते? (आइस हॉकी)

पऱ्हाटीवाला (राळेगाव)
राजे हो, या हप्त्यात आमच्या फीडरले रात्रीची लाईन आहे. चन्यात स्प्रिंकलर लावतो, दोन घंट्यानं पाइप बदलवा लागते, तवर धुऱ्यावर बसून मोबाइलवर आइस हॉकी पायतो. शाळेत आपली साधी हॉकी खेळलो, फुलबॅक होतो. म्हणून बरंच समजते, पण एक गोष्ट डोक्यात बसून नाई रायली.

डिफेन्सवाला पक (चेंडूच्या जागी असते ती रबराची चकती) घेते अन् सीधा आपल्याच गोलच्या मागं जाऊन उभा रायते. आमच्यात चेंडू तिथं गेला की खेळ थांबला. आमचे सर एकच शिकवत, डी समोर चेंडू आला की हान जोरात, जिकडं जाईन तिकडं. इथं हानला की शिट्टी. अन् तो विंगर, कडेनं खेळनारा! सारं मैदान खाली पडलं असते, हा मात्र मैदानाभोवतीच्या भिंतीले पाठ लावून उभा. समोरचा येऊन ठोकतेच त्याले. काल तीनदा लागोपाठ भिंतीवरच पक अडकला, चौथ्यांदा गोल झाला. बीचमधून कायले नाई काढत हे लोकं?

फौजी_सेलू
भाऊ, मी लेहला दोन हिवाळे काढले. गोठलेल्या तळ्यावर युनिटच्या पोरांसोबत खेळलो, चांगला कधीच नाही. पण मार खाऊन जे शिकलो ते सांगतो.

गोल आणि मागची भिंत यांत साधारण चार मीटर जागा असते. तिथं तुम्ही उभे राहिले की मधातला गोलच तुमची राखण करतो. समोरच्याला डावीकडून यायचं की उजवीकडून हे आधी ठरवावं लागतं, आणि तो एका बाजूनं निघाला की तुम्ही दुसरीकडून. कुटाराच्या ढिगाभोवती गोऱ्हा पकडून पाहा एकट्यानं, म्हणजे समजेल. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत तुमचे बाकीचे गडी जागेवर येतात.

आता भिंत. बीचमध्ये पक गमावला तर तो थेट आपल्या गोलासमोर पडतो. भिंतीपाशी गमावला तर समोरच्याला कोन बारीक मिळतो. शिवाय पाठ भिंतीला असली की मागून कोणी येत नाही, पक आणि मैदान दोन्ही दिसतं. पण विंगरनं पक घेऊन स्वतःच पळावं असा हिशेब नसतो. त्याच्याजवळ सेंटर, म्हणजे मधला फॉरवर्ड, खाली आलेला पाहिजे, दोन-तीन मीटरवर. विंगरनं घेतला, लगेच सेंटरला दिला, सेंटर बीचमधून निघाला. म्हणजे पक बीचमधूनच निघतो, फक्त भिंतीला हात लावून. तुमच्या त्या मॅचमध्ये सेंटर आधीच निळ्या लाइनकडे, म्हणजे आपला भाग (झोन) संपतो तिकडे, पळाला असेल. विंगर बिचारा एकटा काय करेल?

हानायचं म्हणाल, तर मधल्या लाल लाइनच्या अलीकडून हानला आणि कोणालाही न लागता समोरची गोल लाइन पार गेला की आयसिंग. फेसऑफ (दोघांच्या मधात पक टाकून खेळ सुरू करणं) परत तुमच्याच गोलापाशी, वर गडी बदलता येत नाही. आपला गडी पेनल्टीवर बाहेर असेल तेव्हा मात्र चालतं. आपल्या झोनमधून भिंतीवरच्या काचेवरून पक बाहेर उडवला तर दोन मिनिटं बसवतात.

तीनदा अडकल्यावर गोल झाला ना? तो पायांमुळे. गडी 45 सेकंदांच्या आसपास खेळून बदलतात. आपल्याच झोनमध्ये दीड मिनिट अडकलं की मांड्या दगड होतात. लेहमध्ये 3,500 मीटर उंचीवर तर मला डोळ्यापुढं काजवे दिसायचे. दुसऱ्या पिरियडमध्ये बाजू बदलतात, तेव्हा आपला बेंच आणखी दूर पडतो.

आणि पकाला हात लावायच्या आधी खांद्यावरून मागं पाहायचं, एकदा नाही, दोनदा. मी पहिल्या आठवड्यात पकाकडेच पाहत गेलो. भिंतीवर असा आदळलो की पंधरा दिवस कुशीवर झोपलो नाही.

मास्तर_चांदूर
2022 च्या बीजिंग ऑलिम्पिकची फायनल मिळाली तर पाहा. फिनलंडनं रशियन खेळाडूंच्या संघाला 2-1 नं हरवलं, त्यांचं पहिलं सुवर्ण. पक सोडा, सेंटरवर नजर ठेवा. आणि पाइप बदलवा वेळेवर, नाहीतर चना उबळायचा.

पऱ्हाटीवाला (राळेगाव)
उबळला नाई अजून, देवाची कृपा. काल रात्री पक सोडून सेंटरले पायलं. फौजीभाऊ, बरोबर निघालं तुमचं! खाली आला तवा पक निघाला, पुढं पळाला तवा अडकला. एकदा तर मीच धुऱ्यावरून वरडलो, अबे खाली ये ना. शेजारच्या वावरातला टॉर्च मारून पायला लागला.

आता हे सांगा, पक घ्यायले जातानी मागून कोण वरडते?

फौजी_सेलू
गोलकीपर. डिफेन्सवाल्याची पाठ मैदानाकडे असते, तेव्हा तोच त्याचे डोळे. ‘व्हील’ म्हणजे वेगात गोलाला वळसा घालून निघ. ‘ओव्हर’ म्हणजे पलीकडच्या साथीदाराला दे. ‘रिव्हर्स’ म्हणजे अंगावर आला, पक आल्या वाटेनं भिंतीला लावून मागं सोड, साथीदार उचलेल. आमचा गोलकीपर लडाखी होता. घाईत लडाखीतच ओरडायचा आणि मी चुकीकडे वळायचो.

पऱ्हाटीवाला (राळेगाव)
म्हंजे कुशीचं कारण ते होय! जातो भाऊ, लाईन आली.