चर्चा : दंड कामगाराला लावा, पण आधी त्याला शिकवलं कोणी ते सांगा

वाळूजकर
परवा इथे एका सेफ्टी ऑफिसर साहेबांनी लिहिलं की कामगारांना कितीही ट्रेनिंग द्या, ते गॉगल डोळ्यांऐवजी टोपीवर चढवतात. तेव्हा ट्रेनिंगवरचा खर्च बंद करा आणि प्रत्येक चुकीला पगारातून दंड कापा. खाली "शंभर टक्के सहमत"वाल्यांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून जरा लांबण लावतो.

मी वाळूजला प्लेटिंगमध्ये, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या कामात, सुपरवायझर होतो. आमच्याकडचं ट्रेनिंग म्हणजे शिफ्टच्या आधी पोरांना टाइम ऑफिससमोर उभं करायचं, एचआरच्या माणसाने मोबाइलवरून काहीतरी वाचायचं, रजिस्टर फिरवायचं, फोटो काढायचा. फोटो ऑडिटरला, पोरं क्रोमच्या टाकीवर. टाकीत करंट सोडला की बुडबुडे उठतात आणि त्यांच्यासोबत क्रोमिक ॲसिडचं धुकं वर येतं. ते रोज नाकात जात राहिलं की नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडतं. फारसं दुखतही नाही. खपली धरते, श्वास घेताना बारीक शिट्टी वाजते आणि पोरगं म्हणतं, सर्दी झालीय. हे रजिस्टरच्या कोणत्या पानावर होतं?

झिंक लाइनीला सायनाइडची टाकी, चार पावलांवर पिकलिंगचं, म्हणजे गंज काढायचं, ॲसिड आणि दोन्हीकडे एकच प्लॅस्टिकचा मग. सायनाइडमध्ये ॲसिड पडलं की हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघतो, पळायलाही वेळ मिळत नाही. दोन रंगांचे दोन मग आणि ते वेगळे का, एवढं टाकीपाशी उभं राहून दाखवायला कितीसा खर्च येतो साहेब? भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाने कायद्यात 111-अ कलम घातलं. त्यात माहिती आणि प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क म्हटला होता. मालकाची मेहेरबानी नाही.

चिकलठाण्याचा शेठ
भाषण झकास. आता पगार कुठून काढायचा तेही सांगा. माझ्याकडे मोजून बारा माणसं, त्यातली निम्मी ठेकेदाराची. शिकवलेलं पोरगं दिवाळीला गावाकडं जातं आणि परत आलं तर शेजारच्या गेटवर दिसतं. मोठ्या कंपन्या दरवर्षी रेट कमी करा म्हणतात, वर ऑडिटला सोळा सेक्शनची एमएसडीएस, म्हणजे रसायनाच्या धोक्यांची माहितीपत्रिका, मागतात, तीही इंग्रजीत. ती मलाच कळत नाही तर पोरांना काय कपाळ सांगू? आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली रबरी हातमोजे घालून उभे राहून बघा एकदा. हात शिजतात. मी दिलेत, तेच काढून ठेवतात. तुम्ही सुपरवायझर होतात ना, मग तेव्हा मूग गिळून बसला होतात का?

वाळूजकर
नव्हतो बसलो. खोट्या सह्या घ्यायला नाही म्हटलं म्हणून मला स्टोअरला टाकलं होतं. हातमोजे काढतात हे मात्र खरंय, तेवढं तुमचं मान्य. मग आत सुती हातमोजा द्या, दर थोड्या वेळानं माणूस बदला. आणि सोळा सेक्शन वाचायला कोण सांगतंय? चौथा प्रथमोपचाराचा, सातवा हाताळणीचा, आठवा हातमोजे-मास्कचा. तेवढे तीन माल देणाऱ्याकडून मराठीत मागून घ्या आणि टाकीशेजारी लावा.

जुना फिटर, लातूर
दोघंबी वरवरचं बोलायलात. आमच्या साखर कारखान्यात झालेलं सांगतो. उसाचा रस आटवायच्या इव्हॅपोरेटरच्या बॉडीला आत खवले धरतात, ते काढायला कॉस्टिक सोडा उकळतात. ठेकेदारानं त्याच दिवशी आणलेलं एक लेकरू. त्यानं बादलीत आधी कॉस्टिकचे फ्लेक्स टाकले अन् वरून पाणी ओतलं. उसळलं की सगळं तोंडावर. आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं कॉस्टिक, एवढीच गोष्ट होती. त्याला उचलून शॉवरखाली नेला, साखळी ओढली तर पायपातून नुसती हवा. वरची टाकी कोरडी. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर कमीत कमी पंधरा-वीस मिनिटं सलग पाणी लागतंय. आम्ही प्यायच्या माठातलं ओतलं. एक डोळा गेला त्याचा. आता त्याला दंड लावा.

चिकलठाण्याचा शेठ
वाईट झालं. पण ही चूक टाकी न भरणाऱ्याची. ट्रेनिंगचा काय संबंध?

जुना फिटर, लातूर
दर सोमवारी साखळी ओढून बघायची, हे शिकवायचं नसतंय का? का तेबी लेकराचंच काम?

पैठणकर
टाकी भरायला पाणी पाहिजे ना राव! धरण उशाला, कोरड घशाला. जायकवाडी आमच्या दारात आणि गावात टँकर. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा इकडं बिअरचे कारखाने चालूच होते. शेवटी औरंगाबाद खंडपीठाला त्यांच्या पाण्याला कात्री लावावी लागली. आधी वरच्या धरणांतून आमचं हक्काचं पाणी सोडा, मग डोळे धुवायच्या आयवॉशच्या गप्पा मारा.

चिकलठाण्याचा शेठ
आली का बिअर मध्येच! त्या कारखान्यांवर किती घरं चालतात माहितीये का? कुठलाही विषय काढा, तुमची गाडी जायकवाडीवरच येऊन थांबते.

पैठणकर
तुमची रेटवर येऊन थांबते, तशी.

सिडकोतली ताई
पाण्यावरून निघालंच आहे तर एक विचारते. शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, म्हणून घराघरांत दोनशे लिटरचे निळे ड्रम. ते येतात कुठून? एमआयडीसीतून भंगारात, भंगारातून आपल्या गच्चीवर. आमच्या गल्लीत एकीने आणलेल्या ड्रमचं झाकण उघडलं की थिनरसारखा वास यायचा. तिने निरमा घालून धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला आणि भरला. त्याच पाण्यात स्वयंपाक. तुमच्या ट्रेनिंगमध्ये रिकामा ड्रम येतो का कुठे?

भंगारवाल्याचा पोरगा
ताई, सगळं आमच्यावर ढकलू नका. आम्ही धुऊनच विकतो. कंपनीवाले ड्रम देताना त्यात काय होतं ते सांगतात का? लेबल खरवडलेलं असतंय. नवी टाकी परवडत नाही म्हणून लोकच म्हणतात स्वस्तातला दे.

वाळूजकर
धुऊन उपयोग नाही रे भाऊ. सॉल्व्हंट प्लॅस्टिकमध्ये मुरतं आणि ऊन लागलं की हळूहळू पाण्यात उतरतं. खायच्या तेलाचा किंवा गुळाच्या काकवीचा असेल तर गोष्ट वेगळी. आणि तू स्वतः ते ड्रम कशाने धुतोस? हातमोजे आहेत का? ॲसिडवाला आणि ब्लीचिंगवाला एकाच मोरीत धुतलास तर क्लोरीन सुटतो, हे कोणी सांगितलंय का तुला?

भंगारवाल्याचा पोरगा
नाही. एकदा लई खोकला आला होता, डोळे झोंबले. मला वाटलं धूळ असेल.

सिडकोतली ताई
बघा! आणि हा कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.

परभणीकर
रजिस्टरमध्ये नसलेल्यांचंच कोणी बोलत नाही. 2023 च्या मे महिन्यात आमच्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच जण गेले. ना कंपनी, ना गेट, ना एचआर. टाकीतल्या गॅसला सडक्या अंड्याचा वास असतो, पण तो वाढला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस खाली उतरतो. शेठना बारा माणसांचं ओझं झालंय, या लोकांना शिकवायचं कोणी?

चिकलठाण्याचा शेठ
आता सोनपेठचंही माझ्याच बिलात लावा. सरकार करतंय काय मग? 4 मार्चला सुरक्षा दिनाची शपथ घ्यायची, बॅनर लावायचं, समोसा खायचा. झालं.

वाळूजकर
समोशाचं मात्र अगदी खरं बोललात.

चिकलठाण्याचा शेठ
धन्य झालो. बरं, उद्यापासून दोन रंगांचे मग आणतो, तेवढ्यानं मी काही भिकेला लागत नाही. साखळीही ओढून बघतो. पण ठेकेदाराची पोरं टाकीपाशी अर्धा तास उभी राहिली तर त्या अर्ध्या तासाची हजेरी कोण देणार, ते आधी ठरवा.

वाळूजकर
तुम्ही. काम तुमच्या टाकीवर, माल तुमचा.

चिकलठाण्याचा शेठ
वाटलंच होतं.

पैठणकर
साखळी ओढाल हो, पण पाणी येईल का त्यातून?

सिडकोतली ताई
शेठ, भंगारात ड्रम देताना लेबल खरवडू नका, एवढं तरी कराल का? आणि वाळूजकर दादा, आमच्या गच्चीवरच्या ड्रमला लाल चौकटीत वाळलेलं झाड आणि मेलेला मासा आहे, खालचा कागद फाटलाय. फोटो टाकू का?

वाळूजकर
टाका. पाण्यातल्या जीवांना घातक माल होता, असा त्या चित्राचा अर्थ. त्यातलं पाणी झाडांनाही घालू नका, पिणं तर सोडाच.

भंगारवाल्याचा पोरगा
ताई, आमच्याकडचाच असेल तर आणून द्या, पैसे परत देतो. पण पूर्ण नाही हां.