औषध काढत असताना सिस्टरला हाक मारावी का?

रातपाळी:
मी सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. सिस्टर औषध काढत असताना तिला कोणीही, अगदी डॉक्टरांनीही, इतर कामासाठी हाक मारू नये, असं माझं ठाम मत आहे. लावणीच्या दिवसांत फुरसं चावलेला माणूस येतो. आधी काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन ती २० मिनिटं न हलवता ठेवायची, मग तिरकी करून रक्त गोठलं का ते बघायचं. गोठलं नसेल तर एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा बाटल्या. प्रत्येकीत १० मिली पाणी घालून हलकेच फिरवायची, जोरात हलवली की फेस होतो. एवढ्यात "सिस्टर, पंखा लागत नाय", "सिस्टर, केसपेपर खंय?", वर फोन. सिडनीतल्या दोन रुग्णालयांचा संशोधक जोहाना वेस्टब्रुक यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका व्यत्ययामागे औषध देण्यातल्या चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढलेल्या त्यात दिसल्या. आणि पाळी संपवून घरी गेल्यावर मुलाने "आई" म्हटलं तरी अंगावर काटा येतो, त्याचं काय?

खाडीपलीकडे:
ताई, आदर ठेवून विरोध करतो. भावाला फुरसं चावलं तेव्हा त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. रात्री वॉर्डात एकच सिस्टर. तिच्या बाटल्या होईपर्यंत मी गप्प बसायचं? आईला पेनिसिलीन चालत नाही हे मी सुई टोचायच्या आधी ओरडून सांगितलं होतं. तुमच्या नियमात तेही बसणार नाही.

रातपाळी:
बसेल. ती त्याच रुग्णाची माहिती आहे, ती लगेच सांगाच. माझा विरोध पंख्याला आणि केसपेपरला आहे.

बंदरावर:
आमच्याकडे मासळीचा लिलाव चालू असतो, दहा जण एकदम बोलतात, तरी हिशोब चुकत नाही. सवय होते.

रातपाळी:
सवयीने वेग येतो, ताण जात नाही. संशोधक ग्लोरिया मार्क यांच्या २००८ च्या प्रयोगात मध्येच अडवलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं, पण ताण आणि चिडचिड जास्त होती. शिवाय हिशोब पुन्हा तपासता येतो. शिरेत गेलेलं औषध परत काढता येत नाही.

निवृत्त इन्चार्ज:
ताईचं पटतं, पण "व्यत्यय नको" असं लिहिलेली जाकिटं घालायचा उपाय कोणी सुचवू नका. ऑस्ट्रेलियात जाकीट आणि इतर उपायांनी व्यत्यय कमी झाले खरे, पण नर्सना जाकिटात उकडायचं आणि पुढे चालू ठेवायला निम्म्या जणीही तयार नव्हत्या. आपला मे महिना आठवा! मी मुलींना एवढंच शिकवलं: रिकामी बाटली फेकू नका, ट्रेमध्ये ओळीने मांडा. हाक आली तरी कितवी बाटली ते ट्रे सांगतो. आणि कोणाला थांबवायचं तर हात वर करा, मान वळवू नका.

खाडीपलीकडे:
ट्रेचं एकदम पटलं. पण काय विचारायचं आणि काय नाही, हे घाबरलेल्या माणसाला कसं कळणार? सलाइन संपत आलंय, हे सांगू की नको?

रातपाळी:
सांगा. आणि दाखल करतानाच हे समजावणारं कोणीतरी हवं, हे मान्य. म्हणूनच रातपाळीला दोन सिस्टर मागतोय: एक औषधाला, दुसरी तुमच्या हाकेला. एकटीकडून दोन्ही कामं करून घेणं बंद व्हायला हवं.

खाडीपलीकडे:
त्या मागणीवर माझी सही घ्या. पण दुसरी सिस्टर येईपर्यंत मी हाक मारणारच.