पडलेल्या फणसाच्या लाकडातून आईसाठी करंडा कातून मिळेल का?

जांबोटीची लेक: नमस्कार. माहेरच्या दारातला फणस मृगाच्या वाऱ्यात मुळासकट आडवा झाला. आईनं लग्न होऊन आल्यावर लावलेला. वखारवाला सगळाच उचलतो म्हणतोय, पण एक ओंडका मी अडवून ठेवलाय. त्यातून आईसाठी कुंकवाचा करंडा करून घ्यायचाय. बाबा गेल्यापासून तिचा चांदीचा करंडा आत्यानं कपाटात ठेवून दिलाय. लाकूड ओलं आहे, तडकेल का? खानापूर-बेळगावात असं कातकाम कोण करतं?

निपाणीकर: ओंडक्याच्या दोन्ही टोकांना आजच मेण किंवा ऑइल पेंट फासा, टोकांतूनच पाणी भराभर उडतं. आणि एक सुचवू का? घरात वाद नको असेल तर सुपारीचा डबा करून घ्या.

उद्यमबागचा टर्नर: ताई, सुपारीचा डबा करू नका. करंडाच करा.

मी बेळगावच्या उद्यमबागेत लोखंड कातायच्या लेथ यंत्रावर काम केलं, आता घरी लाकूड कातायची लेथ आहे. तिच्यावर पहिली वस्तू कातली ती आईचा करंडा. वडील गेले त्या दिवशी बायकांनी तिचं कपाळ पुसलं. मी दारात उभा होतो. कुणालाच काही बोललो नाही. पुढं शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये ह्या विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. ती नुसतं म्हणाली, "माझा करंडा कुठं हाय रे?" जुना कुणाच्या घरी गेला ते कळलंच नाही. मग तिच्या माहेरच्या फणसाची फांदी आणली. खाली मेणाचा कप्पा, वर कुंकवाचा, कारण ती अजून आधी मेण लावून मगच कुंकू टेकवते. आता रोज लावते. शेजारणी बघतात, बघू देत.

आता कामाचं. ओंडका उभा चिरून मधला गाभा काढून टाका. भेग तिथूनच सुटते. बाहेरचं पांढरं लाकूडही नको, त्याला कीड लागते. दोन्हींच्या मधलं पिवळं घ्या. ओलं असतानाच जाडसर कातून ठेवायचं, कातताना निघालेल्या भुशासकट कागदी पिशवीत भरून सावलीत. अधनंमधनं वजन करत राहायचं. वजन उतरायचं थांबलं की वाळलं. तोवर गोल वस्तू लंबगोल झालेली असते, मग दुसऱ्यांदा कातून नीट गोल करायची.

झाकण आणि खालचा भाग एकाच तुकड्यातून काढायचे, आणि कापण्याआधी दोन्हींवरून पेन्सिलीची एक रेघ ओढायची. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पण लाकडाचे धागे एका रेषेत असले तर दोन्ही एकाच दिशेनं फुगतात. रेघ चुकली की श्रावणात झाकण अडकलंच समजा. ऐन सणाला.

जांबोटीची लेक: तुमचं वाचून आईला फोन केला. ती बराच वेळ बोललीच नाही, मग म्हणाली, "झाकणाला बोंड मोठं ठेव म्हणावं, बोटं दुखतात माझी." तेल कुठलं लावायचं? आणि पिवळा रंग टिकतो का?

उद्यमबागचा टर्नर: बोंड मोठं ठेवू, आणि त्याला मधे खाच देऊ, म्हणजे बोट घसरणार नाही. पिवळा टिकत नाही, उजेडानं तपकिरी होत जातो, तो छान दिसतो. कुंकवाच्या कप्प्याला तेल लावायचंच नाही, कुंकू धरून बसतं. बाहेरून मधमाशीचं मेण पुरे. चकाकी हवी असेल तर चन्नपट्टणचे कारागीर करतात तसं फिरत्या लेथवर लाखेची कांडी टेकवून, केवड्याच्या पानानं घासून देतो. जवसाचं तेल वापरलंच कुणी, तर त्याच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात.

ओंडका उन्हात ठेवू नका, साल राहू दे. पाऊस उघडला की टेम्पोनं पाठवा, पत्ता निरोपात कळवतो.