क्रीमचा ‘गुडबाय’: तबकडीवर बुरशी, आणि नेमकं ध्वनिमुद्रण कुठलं?

माडबन (रत्नागिरी)
क्रीम या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘गुडबाय’ अल्बमची जुनी एलपी, म्हणजे विनाइलची तबकडी, मिळाली आहे. खाचांत पांढुरके ठिपके आहेत, सुई टेकली की सतत चरचर येते. कशाने धुवावी? आणि हा अल्बम म्हणजे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला निरोपाचा कार्यक्रमच ना? मग त्यात स्टुडिओतली गाणी कशी?

सुईवाला (मालवण)
ठिपके बुरशीचे. ती विनाइल खात नाही, बोटांचा तेलकटपणा आणि धूळ यांवर जगते. तिचे तंतू सुईच्या वाटेत येतात म्हणून चरचर. वाजवून वाजवून साफ होईल या आशेवर राहू नका, सुईला चिकटून ती बाकीच्या तबकड्यांवर जाईल.

चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, अर्ध्या लिटरला भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. हातांचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं. विहिरीचं पाणीही नको. किनाऱ्याजवळच्या पाण्यात क्षार असतात, वाळल्यावर ते खाचेतच बसतात. मधलं लेबल कोरडं ठेवून मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवा. मिश्रण दोन-तीन मिनिटं राहू द्या, पण वाळू देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा. इथे घाई केली तर साबणाचा थर राहतो आणि पुन्हा चरचर सुरू होते. ताटाळ्यात उभी करून पंख्याखाली वाळवा. उन्हात ठेवलीत तर वाकेल. आतलं कागदी पाकीट फेकूनच द्या, बुरशीचं बी त्यातच असतं.

घरात नाट्यपदांच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्या असतील तर त्यांना हे मिश्रण चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलने लाख विरघळते.

दर्याकाठ (अलिबाग)
अल्बर्ट हॉलचा कार्यक्रम २६ नोव्हेंबर १९६८चा. ‘गुडबाय’मधली तीन लाइव्ह गाणी त्याआधीची आहेत, १९ ऑक्टोबरची, लॉस एंजेलिसच्या फोरम सभागृहातली. हा घोळ बऱ्याच जणांचा होतो. एलपी १९६९च्या सुरुवातीला आली, तेव्हा बँड संपलेला होता.

बँड १९६६ मध्ये लंडनमध्ये सुरू झाला: गिटारवर एरिक क्लॅप्टन, बास आणि गायन जॅक ब्रूस, ड्रम्सवर जिंजर बेकर. जेमतेम अडीच वर्षं. ब्रूस-बेकरचं आपसात पटत नव्हतं, त्यात मंचावरचा आवाज वाढतच गेला. क्लॅप्टनचं मनही १९६८ मध्ये ‘द बँड’ नावाच्या गटाचा ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ हा अल्बम ऐकल्यावर लांबलचक वादनातून उडालं होतं.

उरलेली तीन गाणी स्टुडिओतली, आणि वाटणी बघा: प्रत्येकाचं एक. ‘बॅज’ क्लॅप्टनने जॉर्ज हॅरिसनसोबत लिहिलं, ‘डूइंग दॅट स्क्रॅपयार्ड थिंग’ ब्रूस आणि कवी पीट ब्राउनचं, ‘व्हॉट अ ब्रिंगडाउन’ बेकरचं. या शेवटच्या गाण्यात बासही निर्माता फेलिक्स पापालार्डीने वाजवला आहे. मला हा अल्बम याचसाठी मोलाचा वाटतो. लाइव्ह गाण्यांत तिघे एकमेकांवर चाल करून जातात, स्टुडिओत ज्याचा तो वेगळा झालेला ऐकू येतो.

आधी क्रीमच्याच ‘फ्रेश क्रीम’ या अल्बमवरचं ‘आय अ‍ॅम सो ग्लॅड’ ऐका, चारेक मिनिटांचं. मूळ ब्लूज गायक स्किप जेम्सचं. मग ‘गुडबाय’वरचं ऐका, तेच नऊ मिनिटांच्या वर गेलंय. तिथे गिटार सोडून फक्त बासच्या मागे जा. ब्रूस साथ करत नाही, दुसरी गिटार असल्यासारखा वाजवतो. बाकीची दोन लाइव्ह गाणी, ‘पॉलिटिशियन’ आणि ‘सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड’, यांची स्टुडिओतली रूपं क्रीमच्या ‘व्हील्स ऑफ फायर’ अल्बमवर मिळतील.

माडबन (रत्नागिरी)
दोघांचेही आभार. पावसाळ्यात बुरशी परत येऊ नये म्हणून काय करायचं? आणि ‘बॅज’मध्ये मध्येच गिटार घुमायला लागते, ती तबकडी वाकल्यामुळे तर नाही?

दर्याकाठ (अलिबाग)
नाही, तो लेस्ली स्पीकर. त्यात भोंगा फिरतो, म्हणून सूर हेलकावतो. वाकलेल्या तबकडीचा हेलकावा प्रत्येक फेऱ्याला येतो, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला दर १.८ सेकंदांनी, आणि सगळ्याच वाद्यांवर.

सुईवाला (मालवण)
तबकड्या उभ्याच ठेवा, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब. आतलं पाकीट पॉलिथिनचं घ्या. कव्हरवर घट्ट प्लास्टिक चढवू नका, दमट हवा आत कोंडते. कपाटात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा, नारिंगी दाण्यांचं. हिरवे झाले की तापवून परत वापरता येतात. निळे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. जूनच्या आधी एकदा सगळ्या तबकड्या बाहेर काढून कोरड्या ब्रशने झाडून घ्या.