मदत हवी आहे: थारच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड बदलायचेत, काय घ्यावं?

नमस्कार मंडळी,

गाडी महिंद्रा थार, २०२१ ची, डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर. ५८ हजार किमी झालेत. राहायला चिपळूण, कामासाठी आठवड्यातून दोनदा कऱ्हाड, म्हणजे कुंभार्ली घाट पाचवीला पुजलेला. मागे ड्रम आहेत, त्यांचं ठीक चाललंय. दुखणं पुढच्यांचं आहे.

दिवाळीपासून ऐंशीच्या पुढे ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. चाळीसला काही नाही. त्यात गेल्या मंगळवारी घाट उतरून पोफळीला थांबलो तर जळका वास, आणि उजव्या चाकाजवळ हात नेववेना. डावंही तापलं होतं, पण इतकं नाही. पॅडल कडक आहे, खाली जात नाही.

गॅरेजवाल्याने चाक खोलायच्या आधीच निदान सांगितलं, "डिस्क वाकल्यात, पॅडसकट सगळं नवीन टाका." पटलं नाही म्हणून रविवारी अंगणात जॅक लावून मीच बसलो. उजवीकडे आतला पॅड जेमतेम २ मिमी उरलाय, बाहेरचा ५. डावीकडे दोन्ही ४ च्या आसपास. डिस्कची जाडी व्हर्निअरने मोजली तर किमान मापाच्या वर भरते.

कबुलीही देऊन टाकतो: टायर २५५/६५ चे काढून २६५/७० टाकलेत (रिम तेच, १८ चे), वर कॅरिअर आहे, आणि तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरायची जुनी खोड आहे.

आता घ्यायचं काय? साध्या डिस्क की भोकंवाल्या? धाकटा भाऊ म्हणतो भोकंवाल्याच घे, अलॉयमधून भारी दिसतात. पॅड सिरॅमिक की सेमी-मेटॅलिक? की आहे त्याच डिस्कला लेथवर फेस मारून, म्हणजे वरचा थर खरवडून सपाट करून, भागेल? जाणकारांनी सांगावं.

नटबोल्ट:
दादा, खरेदीचं नंतर बघू. एकाच चाकाचा आतला पॅड २ आणि बाहेरचा ५, म्हणजे उजव्या कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबतो तो भाग) स्लायडर पिन, ज्यावर तो सरकतो, ती जाम आहे, नाहीतर पिस्टन मागे जात नाहीये. ते तसंच ठेवून सोन्याच्या डिस्क टाकल्या तरी सहा महिन्यांत हाच धागा पुन्हा काढाल. पिना हाताने सरकायला हव्यात. साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. डब्यातलं साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

दुसरं, व्हर्निअरने नक्की कुठे मोजलंत? जुन्या डिस्कला बाहेरच्या कडेला न झिजलेला काठ उरतो. व्हर्निअरचे जबडे त्या काठावर बसले तर जाडी फसवी येते.

कुंभार्लीकर (धागाकर्ता):
कडेला बोट फिरवलं तर धार लागते खरी. मायक्रोमीटर नाहीये हो माझ्याकडे.

नटबोल्ट:
रुपयाची दोन नाणी घ्या. आधी दोन्ही एकत्र धरून मोजा. मग काठाच्या आत डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक नाणं दाबून वरून व्हर्निअर लावा आणि नाण्यांचं माप वजा करा. डिस्कभर सहा-सात ठिकाणी मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. फेस मारल्यावरही त्याच्यावर पुरेसं माप उरणार असेल तरच लेथचा विचार करा.

घाटमाथा:
'डिस्क वाकली' हे निम्म्या वेळा खरं नसतं. तापलेल्या डिस्कवर पॅडचा माल कमी-जास्त चिकटतो, पृष्ठभाग एकसारखा राहत नाही आणि थरथर सुरू होते. घाट उतरून पोफळीला चहाला थांबलात आणि पॅडल दाबून गाडी उभी ठेवलीत, की पॅडचा शिक्का डिस्कवर उमटलाच.

भोकंवाल्या घेऊ नका. चिखलात भोकं बुजतात आणि तापून गार होताना तडे तिथूनच जातात. साध्या, व्हेंटिलेटेड (मधून हवा खेळणाऱ्या), कंपनीच्या मापाच्या घ्या, दोन्ही बाजूंना एकदम. पॅड सेमी-मेटॅलिक. धूळ आणि थोडा आवाज सहन करा, पण उष्णता जास्त झेलतात. सिरॅमिक शांत आणि स्वच्छ, शहरात छान. तुमच्या टायरचा व्यास मूळच्यापेक्षा साधारण ५ टक्क्यांनी वाढलाय, त्याच ब्रेकला तेवढं जास्त राबावं लागतं.

ब्रेक ऑइल कधी बदललंत?

कुंभार्लीकर:
...गाडी घेतल्यापासून नाही.

घाटमाथा:
वाटलंच. ते हवेतली ओल ओढतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशाला उकळतं, ओल धरली की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. उकळलं की वाफ होते आणि पॅडल थेट तळाला जातं. आज कडक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कोकणच्या पावसाळी हवेत दर दोन वर्षांनी बदला. कोणतं ऑइल ते झाकणावर लिहिलेलं असतं.

लालमाती:
घाटात फोर लो (चारही चाकांना ताकद, अगदी सावकाश गिअर) लावून उतरा ना, ब्रेकच लागणार नाही.

घाटमाथा:
कोरड्या डांबरावर अजिबात नाही! वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि ताण सगळा ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) येतो. टू व्हीलमध्येच दुसरा गिअर टाका, इंजिन गाडी धरून ठेवतं. ब्रेक थोडा वेळ पण जोरात मारा आणि सोडा.

कुंभार्लीकर:
अपडेट. उजवीकडची खालची पिन पान्याने ठोकून काढावी लागली, लालभडक गंज. पिस्टन नीट मागे जातोय. नाण्यांच्या हिशोबाने उजवी डिस्क किमान मापाच्या खाली गेलीय, डावी जेमतेम त्या मापाला. म्हणजे गॅरेजवाला बरोबर निघाला, कारण चुकीचं असलं तरी. साध्या डिस्कची जोडी, सेमी-मेटॅलिक पॅड, पिना आणि त्यांचे रबरी बूट, डॉट ४, अशी ऑर्डर दिली. भाऊ नाराज आहे.

नटबोल्ट:
बसवताना हबचा (डिस्क ज्यावर बसते तो भाग) गंज तारेच्या ब्रशने चकचकीत करा. तिथे पापुद्रा राहिला तर नवी डिस्कही डगमगते. डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसा. कॅलिपर पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. नंतर नवे पॅड डिस्कला नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारून वेग साठवरून पंधरावर, असं आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण न थांबता. मग ब्रेक न लावता दहा मिनिटं फिरवून गार करा. आणि नट न्यूमॅटिक गनने आवळू देऊ नका, टॉर्क रेंचने समोरासमोर आवळा.

कुंभार्लीकर:
धन्यवाद मंडळी. पार्सल शुक्रवारी येतंय, रविवारी सकाळी बसवणार. चिपळूण-खेर्डी भागात कोणाकडे टॉर्क रेंच आहे का? अर्ध्या दिवसासाठी हवाय, नेऊन-आणून देईन.